नक्की, बहुधा, म्हणतात

परवा ईशानं फोनवर विचारलं, झाडाचं पान आणि पुस्तकाचं पान यांना मराठीत एकच शब्द का? मी म्हटलं, पूर्वी पानांवरच लिहीत असत म्हणून. तेवढ्यात पोरांनो, तिकडे तुमची शाळेची वेळ झाली, इकडे माझी झोपेची झाली, आणि विषय तिथंच राहिला. उत्तर बरोबर होतं, पण ते माझं नव्हतं. ज्यांनी मला ते दिलं त्यांच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात आहे. आता डोळे लवकर दमतात, म्हणून रोज सकाळी थोडं थोडं लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. तिला कुठं अडलं तर तिनं मला विचारावं, अंदाजानं सांगू नये.

मी मुलींच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा ते सर तिथं फारसी शिकवीत होते. इथं थोडं मागचं सांगायला हवं. देश स्वतंत्र झाल्यावरही आपला मराठवाडा वर्षभर निजामाच्या राज्यात होता. मग सैन्य आलं. त्याला इथं सगळे पोलीस ॲक्शन म्हणतात. त्याआधी कचेरीत, कोर्टात, शाळेत उर्दू चालायची आणि तिच्यामागे फारसीचा मोठा मान होता. पुढं एकेक करून सगळं बदललं. आता शहराचं नावही बदललं आहे, पण त्या दिवसांबद्दल लिहिताना मी औरंगाबादच लिहीन, नाहीतर माझाच गोंधळ उडेल. मी सांगते आहे ती वर्षं महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची.

फारसी शिकवणारे म्हणजे मुसलमान असतील असं नव्या मुलींना वाटायचं. ते देशस्थ ब्राह्मण होते, बेगमपुऱ्यात राहत. त्यांचे आजोबा आणि वडील निजामाच्या कचेरीत लेखनिक होते. घरात संध्येची पळी आणि फारसी कोश एकाच फळीवर असत. अंगात राखी शेरवानी, मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली. शेरवानीवरची टोपी मात्र त्यांनी पोलीस ॲक्शननंतर सोडली होती. मी एकदा कारण विचारलं.

"लोक टोपीशी बोलायचे, माझ्याशी नाही," ते म्हणाले.

"मग शेरवानी का ठेवलीत?"

"तिला खिसे आहेत."

त्या खिशांत बोरू असत, ते तासायचा छोटा चाकू असे, आणि भाजलेले फुटाणे. फुटाणे ते कुणालाही देत. बोरू कुणाला देत नसत.

त्यांचं वेड असं होतं की लिहिण्याच्या सामानाचं नाव त्यांच्यासमोर घेतलं की ते त्या शब्दाचं मूळगाव सांगितल्याशिवाय ती वस्तू पुढं सरकवीत नसत. शिक्षकांच्या खोलीत एकच मोठं कपाट होतं आणि किल्ली त्यांच्याकडे होती. त्यामुळे खडू घ्यायला गेलेली माणसं तास सुरू झाला तरी परत येत नसत. मी पहिल्या आठवड्यात शाई मागायला गेले.

"शाई म्हणजे काळेपणा," ते म्हणाले. "फारसीत स्याह म्हणजे काळा. हे नक्की. आता मला सांगा बाई, तुम्हाला कुठली शाई हवी?"

"लाल. वह्या तपासायच्या आहेत."

"म्हणजे लाल काळेपणा."

आमचा शिपाई सखाराम मुकुंदवाडीहून सायकलीवर यायचा. तो दारातून हे ऐकत होता. दुसऱ्या दिवसापासून तो कपाटापाशी जाऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "सर, थोडं लाल काळं द्या. थोडं निळं काळं बी द्या." ते तितक्याच गंभीरपणे द्यायचे. त्यांना वाटायचं, चला, एकाला तरी समजलं.

मी इंग्रजी शिकलेली, मला थोडी घमेंड होती. मी त्यांना सांगितलं की आमचं 'पेन' म्हणजे मूळचं पीस, 'पेपर' म्हणजे मूळची एक पाणवनस्पती. ते माहीत होतंच त्यांना. ते म्हणाले, "आणि तुमचं 'राइट' म्हणजे ओरखडणं. आमचं लिहिणंही ओरखडणंच. आपला बोरू म्हणजे वेळू, अरबांचा कलम म्हणजे वेळू, आणि तो शब्द त्यांनी ग्रीकांकडून घेतला. सगळीकडे माणसानं नदीकाठचं काहीतरी तोडलं आणि कशावर तरी ओरखडलं. एवढंच झालं आहे. बाकी सगळं आपण वर चढवलं."

त्यांची खरी खोड पुढची आहे. प्रत्येक शब्दामागे ते एक शिक्का मारत: नक्की, बहुधा, किंवा म्हणतात. शाई काळी, हे नक्की. ग्रंथ म्हणजे बांधलेलं, गाठ मारलेलं, हेही नक्की. लिपी हा शब्द इराणच्या बाजूनं आला आणि त्याही आधी मातीच्या विटांवर लिहिणाऱ्या लोकांकडून, हे बहुधा. कागद हा शब्द चीनहून निघाला, हे म्हणतात. "मला चिनी येत नाही," ते म्हणायचे, "त्यामुळे म्हणतात एवढंच." एखाद्या मुलीनं परीक्षेत 'कागद हा शब्द चिनी आहे' असं सरळ लिहिलं तर ते गुण कापत.

हळूहळू हे तिन्ही शब्द त्यांच्या सगळ्या आयुष्यात शिरले होते. मंत्री शाळेला भेट देणार अशी सूचना आली की ते म्हणत, "म्हणतात." घरी सगळं ठीक आहे का विचारलं की, "बहुधा." पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वाईट दिवसांबद्दल नव्या शिक्षकांनी खोदून विचारलं तेव्हा ते बराच वेळ बोरू तासत राहिले. मग म्हणाले, "मला जे नक्की माहीत आहे ते सांगवत नाही. आणि लोक सांगतात ते नक्की नाही." पुन्हा कुणी विचारलं नाही.

यामुळे त्रासही व्हायचा. दफ्तर या शब्दाची गोष्ट आमच्या शाळेत पुष्कळ दिवस चालली. त्यांनी वर्गात सांगितलं की दफ्तर हा शब्द ग्रीकांच्या कातड्याच्या शब्दावरून आला, कारण ते लोक कातड्यावर लिहीत. वर्गात एक फार सोवळ्या घरातली मुलगी होती. तिनं घरी जाऊन दफ्तर अंगणातच ठेवलं आणि सांगितलं की हे कातडं आहे. दुसऱ्या दिवशी तिची आजी नऊवारीचा पदर खोचून शाळेत आली.

"पोरीच्या डोक्यात काय भरवलंत? ती आता घरात पाटीसुद्धा आणेना."

"पाटीला काही नाही, आजी," सर म्हणाले. "पुस्तकाचं मात्र जरा आहे. पुस्तक हा शब्दही कातड्यावरून आला असं काही जण सांगतात."

मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. काही उपयोग झाला नाही.

"अहो, मग आम्ही पोथी वाचायची कशी?" आजी खुर्चीवर बसल्याच.

"कातडं शब्दात आहे, पोथीत नाही. तुमची पोथी कागदाची आहे. आणि शब्दाला सोवळं-ओवळं नसतं आजी, तो दहा घरचं पाणी पिऊनच आलेला असतो." मग म्हणाले, "तरी हे पुस्तकाचं म्हणतात एवढंच हं. त्यावर पोरीला ओरडू नका."

आजी उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "माणूस वाईट नाही. पण घरी बायकोचं कसं होत असेल?"

घरी बायको होती आणि तिला दिसत नव्हतं. काचबिंदूनं तिची दृष्टी थोडी थोडी करून गेली होती. मुलंबाळं नव्हती. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या पत्नीनंच चहा करून आणला. विहिरीपासून चुलीपर्यंत त्या अशा चालत होत्या की मला आधी कळलंच नाही. हात मात्र सतत भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून अलगद फिरत असायचा. ते मला म्हणाले, "हिला हे घर पाठ आहे. दुसऱ्या गावी गेली तर ती आंधळी होईल. इथं ती नाही." मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

आणि नेमकं दुसऱ्या गावी जायची वेळ आली. आठवीत मुलींना संस्कृत किंवा फारसी निवडायची असे. वर्षागणिक फारसीच्या मुली कमी होत चालल्या होत्या. त्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून सांगितलं, दहा मुली झाल्या नाहीत तर फारसी बंद करायचा हुकूम आहे, मग तुमची बदली होईल, कुठं ते माझ्या हातात नाही. मोठ्या बाई कठोर नव्हत्या. त्यांनी स्वतःच सुचवलं की मुलींच्या घरी जाऊन पालकांशी बोला. एकट्या पुरुषानं मुलींच्या घरी जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी मला बरोबर पाठवलं.

मी आधी मुलींची घरं मोहल्ल्यांप्रमाणे लावून घेतली, म्हणजे टांग्याचा फेरा वाया जाऊ नये. मला वाटलं होतं, माझ्या शिस्तीनं काम होईल. टांगेवाले एक म्हातारे मियाँ होते. उन्हात आम्ही गुलमंडी, कुंभारवाडा, छावणी असे फिरलो. सर पुढं बसत, छत्री उघडी धरून, आणि वाटेतल्या पाट्या वाचत.

गुलमंडीतल्या कापडवाल्यांनी आम्हाला गादीवर बसवलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "सर, संस्कृतात गुण जास्त पडतात म्हणे?"

"नक्की."

"आणि फारसीत?"

"पाठांतर केलं तर पडतात. मी पाठांतर करू देत नाही."

"बरं, पुढं फारसीचा उपयोग काय?"

"काही नाही," सर म्हणाले. "आपण रोज काय बोलतो ते कळतं. तुमचं हे दुकान, ही गादी नाही, ती आपलीच, पण तो रुमाल, ती शाई, हा हिशेब. ते कुठून आलं ते कळतं. पण ते न कळताही दुकान चालतंच."

कापडवाले हसले, आम्हाला सरबत दिलं, आणि मुलीला संस्कृताला घातलं.

असं असूनही नऊ मुली झाल्या. काहींना सर आवडत होते, काहींना संस्कृताची भीती होती, एकीला फुटाण्यांची आशा होती असं मला अजूनही वाटतं. एकच मुलगी कमी होती. माझ्या यादीत शेवटचं घर गारखेड्याचं राहिलं होतं. आज तुम्ही तिथं आलात तर नुसत्या इमारती दिसतील. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडं होतं आणि बाजूनं कपाशीची रानं होती.

मुलीचं नाव सुभद्रा. वडील गावचे पाटील, चांगल्या जमिनीचे मालक, अंगणात बाज टाकून वाटच पाहत होते. मला वाटलं, इथं काम झालं.

"बसा मास्तर, बसा बाई. पोरगी लई हुशार हाय. तिला फारशी शिकवा, म्या कवा नाय म्हनलं?" त्यांनी आतून एक लाकडी पेटी आणवली. "ह्यात आमच्या आज्यापासूनचे कागद हायेत, निजामाच्या टायमाचे. घरात एकाला वाचता येत नाय. एक मुन्शी येतो, च्या पितो, एक सांगतो. दुसरा येतो, तो दुसरंच सांगतो. आता घरचंच मानूस वाचंल. व्हय का नाय?"

सुभद्रा दारात उभी होती. तिनं मान हलवली. मी पिशवीतून यादी काढून दहावं नाव लिहायला घेतलं.

सरांनी पेटीतला वरचा कागद उचलला आणि ते आम्हाला विसरले. ओठ हलत होते. मग म्हणाले, "हे खरेदीखत आहे. खत म्हणजे अरबीत रेघ."

"आमच्याकडं खत म्हंजी शेनखत."

"ते वेगळं. ते खड्ड्यावरून आलं असावं. बहुधा." त्यांनी कागद परत नीट घडीवर घडी घालून ठेवला. "पाटील, हे फारसी नाही. उर्दू आहे. आणि अक्षर शिकस्ता आहे. शिकस्ता म्हणजे मोडलेलं. भराभर लिहिताना अक्षरं मोडतात, टिंबं गळून जातात, सगळं एकमेकांत अडकतं. मी शाळेत शिकवतो ते छापील, सुबक. ते चार वर्षं शिकून हिला हा कागद वाचता येणार नाही."

मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"थोडं बी नाय येनार?"

"तारीख येईल."

"मंग तिनं काय घ्यावं?"

"संस्कृत. हुशार आहे म्हणता, तर गुण चांगले पडतील."

पाटलांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, ह्ये तुमचे मास्तर पोरगी मागाया आलेत का नको म्हनाया?"

आतून सुभद्राची आई ताकाचे पेले घेऊन आली. ती हळूच म्हणाली, "खरं बोलत्यात, बोलू द्या. खरं बोलनारा पुना कवा गावायचा?"

परत निघालो तेव्हा टांगेवाल्या मियाँनी विचारलं, "क्या साब, मिली क्या बच्ची?"

"नहीं मियाँ."

"तो आगे और किसका घर है?"

"किसी का नहीं. घर चलो."

मला इतका राग आला होता की हातातली यादी मी चुरगाळून पिशवीत कोंबली. मग म्हटलं, त्या मुलीला वर्गात घेऊन वरून घरी शिकस्ता शिकवता आलं असतं. खरं काय ते नंतर सांगता आलं असतं. तुमची नोकरी राहिली असती.

"त्या माणसाला आधीच दोन मुन्शींनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत," ते म्हणाले. "मी तिसरा व्हायला नको होतं." आणि मग फार दमलेल्या आवाजात: "बाई, मी लहानपणी वडिलांकडे फारसी शिकलो. शाळा उर्दूत शिकलो. साहेबाच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकलो. राज्य बदललं तेव्हा मराठीची परीक्षा दिली, जी माझ्या आईची भाषा. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणालं, ही शिका, हिचा उपयोग आहे. मला ते वाक्य आता कुणाला सांगवत नाही."

फारसी बंद झाली. नऊ मुली संस्कृतात बसल्या. बदलीचा हुकूम आला तो गंगाखेडचा, गोदावरीच्या काठी, इथून एक दिवसाचा प्रवास. त्याच दिवशी दुपारी त्यांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी विचार करा म्हटलं, तर म्हणाले, "घरी ती आहे." आम्हा सगळ्यांना ते पुरेसं कारण वाटलं. शिक्षकांच्या खोलीत बायका डोळे पुसत होत्या की असा नवरा कुणाला मिळतो.

निरोपाच्या दिवशी दोन शब्द बोला म्हटलं तर ते उभे राहिले आणि म्हणाले, "निरोप हा शब्द कुठून आला ते मला नीट माहीत नाही. मी शोधतो आहे." आणि बसले. कपाटाची किल्ली त्यांनी सखारामकडे दिली.

दिवाळीनंतर मी फराळाचा डबा घेऊन बेगमपुऱ्यात गेले. ओसरीवर सुभद्रा बसली होती आणि अंगणात उन्हाला पाठ करून तिचे वडील. ते दर रविवारी तिला गारखेड्याहून घेऊन येत होते. शाळेत फारसी नाही, तेव्हा कुणाच्या नियमाचा प्रश्न नाही, असं पाटलांनी स्वतःच येऊन सांगितलं होतं, "आता तरी ते मोडकं शिकवा." सर तिच्याकडून एकेक मोडलेलं अक्षर सरळ करून घेत होते. मुलगी खरोखर हुशार होती. त्यांचा चेहरा शाळेत मी कधी पाहिला नव्हता इतका उजळलेला होता. पेटीतून फार काही मोठं निघालं नव्हतं म्हणे. कुठं बांध, कुठं ओढा, कुणाची साक्ष.

मी आत त्यांच्या पत्नीपाशी जाऊन बसले. मधे भिंत नव्हती, नुसता पडदा. त्यांनी डबा हातानं चाचपून उघडला, करंजी ओळखली, आणि माझ्या हातात परत एक ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की सरांनी तुमच्यासाठी केवढं केलं, शाळेत सगळे अजून बोलतात.

"गल्लीतही बोलतात," त्या म्हणाल्या. "येणारी प्रत्येक बाई मला सांगून जाते मी किती नशीबवान." "गंगाखेडला माझी धाकटी बहीण दिली आहे. तुम्हाला ठाऊक नसेल. तिला भेटून सात-आठ वर्षं झाली. हुकूम आल्याचं मला शेजारणीकडून सकाळीच कळलं. दुपारभर मी मनात सामान बांधत होते. कुठलं भांडं कशात, देव कशात गुंडाळायचे. संध्याकाळी हे आले आणि म्हणाले, अर्ज देऊन आलो, आता तुला कुठं जावं लागणार नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"फार खूष होते हो. पायऱ्या चढताना गुणगुणत होते." त्यांनी हात भिंतीवर ठेवला, मग उचलला. "हिला घर पाठ आहे, असं हे सगळ्यांना सांगतात. आहेच पाठ. विहीर, चूल, न्हाणी. पाठ आहे म्हणून तर जीव विटला आहे. दुसरं घर असतं तर हाताला निदान काही नवं लागलं असतं. पण मला विचारलं कुणी?"

पडद्यापलीकडे सुभद्रा वाचत होती, एकेक शब्द जोडत, अडखळत. सरांचा आवाज थांबलेला होता. केव्हा थांबला ते माझ्या लक्षात आलं नव्हतं; आमचं बोलणं पडद्यापलीकडे सगळं जात होतं, हेही नाही.

ती ओळ संपवून ती म्हणाली, "सर, चुकलं ना?"

तिनं पुन्हा तेच विचारलं. अंगणातून पाटील म्हणाले, "मास्तर, पोरगी काय इचारती?"

माझ्याशेजारी त्यांच्या पत्नीनं डब्याचं झाकण लावलं, आणि तिकडे कान न देता मला विचारलं, "चहा घ्याल ना?"